कडी आंतून कीं बाहेरून?

मनुष्याला आपल्या मालकीचा मोठा अभिमान असतो. विकत आणलेल्या कपाटांत काय ठेवावें हें सुतार कधीं सांगत नाहीं. सांगूं लागलाच, तर आपण त्याला बाहेरची वाट दाखवूं. पण खिशांतल्या फोनच्या बाबतींत हा अभिमान कोठें जातो, कोण जाणे!

माझ्या भाच्यानें घरखर्चाच्या टिपणासाठीं एक लहानसें ॲप लिहिलें. माझ्या फोनवर तें सात दिवस सुखानें नांदलें आणि आठव्या दिवशीं उघडेना. "मामा, कंपनीची परवानगी तेवढ्याच दिवसांची असते," तो म्हणाला. दर आठवड्याला तें नव्यानें चढवावें, नाहीं तर कंपनीकडे वर्षाची वर्गणी भरावी! फोन माझा, ॲप घरचें, हिशेब दूधवाल्याचा. परवाना मात्र सातासमुद्रांपलीकडचा.

ही रीत आजची नव्हे. अमेरिकेंत टेलिफोनचा धंदा एटी अँड टी कंपनीच्या मुठींत होता, तेव्हां तिच्या तारांना परकें उपकरण जोडण्याची मनाई असे. जाळें बिघडेल, हें कारण. टेक्सासच्या टॉमस कार्टर या गृहस्थानें रेडिओवरील माणसाला टेलिफोनवर बोलतां यावें म्हणून एक यंत्र तयार केलें व कंपनीशीं झगडा मांडला. १९६८ सालीं सरकारी आयोगानें त्याच्या बाजूनें निकाल दिला. जाळें कोसळलें नाहीं. उलट निरोप टिपून ठेवणारीं यंत्रें, फॅक्स आणि मोडेम यांना वाट मोकळी झाली, आणि त्या मोडेमवरूनच पुढें घरोघरचे संगणक एकमेकांशीं बोलूं लागले.

अर्थात् द्वारपाल अगदींच निरुपयोगी असतो असें नाहीं. बँकेच्या नांवाचें बनावट ॲप फोनांत शिरतें आणि एखाद्या वृद्धाची जन्माची पुंजी घेऊन जातें, हें आपण वर्तमानपत्रांत वाचतोंच. माझ्या आईनें सत्तरी ओलांडली आहे. तिच्या फोनचें दार बंदच असावें, असें मलाहि वाटतें.

पण राखणें आणि कोंडणें यांत अंतर आहे. युरोपांतील ज्या कायद्याचीं बंधनें मार्च २०२४ पासून लागू झालीं, तो या बड्या कंपन्यांना 'द्वारपाल' असेंच म्हणतो, आणि दुसऱ्यांचीं ॲप-दुकानेंहि फोनांत येऊं द्यावयास त्यांना भाग पाडतो. आईच्या दाराला कडी हवीच. पण ती आंतल्या बाजूला असावी. लावायची तर तिनें लावावी, आणि कोणा ओळखीच्या माणसाला आंत घ्यावेंसें वाटलें, तर काढायचीहि तिनेंच.