टपावरची होडी

गेल्या दिवाळीच्या सुटीत बेळगावहून कारवारला निघालो, तेव्हा गाडीच्या टपावर दोन कयाक होत्या. एकट्याने वल्हवायच्या या दहा फुटी प्लॅस्टिकच्या होड्या. वजन प्रत्येकी वीस-बावीस किलो. हौस मुलीची, गाडी माझी आणि काळजी तिच्या आईची.

"काळी नदी कारवारलाच जाते, मग होडीतूनच जाऊ की," मुलगी म्हणाली. पण वाटेत सुपा, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी आणि कद्रा अशी चार धरणं. होडीलाही रस्त्यानंच जावं लागतं.

खानापूर सोडलं आणि टपावर भुंगा गुणगुणू लागला. लोंढ्याच्या पुढे काचेतून होडीचं नाक वर-खाली होताना दिसलं. पट्टे तर मी जीव खाऊन आवळले होते!

रामनगरला चहाला थांबलो. बाकावरचे एक आजोबा उठून गाडीभोवती फिरले. "गाळी हिडीतैती, सर," म्हणाले. वारा धरतोय. मी पट्टा आणखी ओढू लागलो, तसा त्यांनी हात धरला. "भाळ बिगि माडब्याड्री." फार आवळलं तर उन्हात तापलेलं प्लॅस्टिक चेपतं. मग मराठीत सांगत त्यांनी होड्या पालथ्या करायला लावल्या, पट्ट्याला एकेक पीळ दिला आणि होडीचं नाक दोरीनं पुढे बंपरखालच्या कडीला बांधलं. पिळामुळे वाऱ्यानं पट्टा थरथरत नाही, भुंगा गप्प होतो. नाक बांधलं की वारा होडी उचलत नाही.

"हे कुठं शिकलात?"

"सुप्याहून घर आणलं तेव्हा. लॉरीवर. दारं, वासे, उखळ, सगळं."

काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचं सुपा गाव धरणाखाली गेलं. 101 मीटर उंचीचं ते धरण 1987 मध्ये पूर्ण झालं. तिथली बरीच माणसं रामनगरला वसली, हे मी वर्गात कितीदा तरी सांगितलं असेल. उखळ कसं बांधलं असेल, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

आजोबांनी चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत. "दहा किलोमीटरवर थांबून गाठ बघा," एवढंच म्हणाले. मी अणशी घाट उतरेपर्यंत तीनदा थांबलो.

कारवारला सदाशिवगडाखाली मुलीनं दोरीचं मोकळं टोक ओढलं. इतका वेळ घट्ट बसलेली गाठ एका झटक्यात सुटली.