एका घंटेत दोन स्वर

केवढा हा पसारा! वुहानच्या हुबेई प्रांतीय संग्रहालयात पाऊल टाकलं आणि मान आपोआप वर गेली. काळ्या लाखेवर लाल-पिवळी नक्षी रंगवलेल्या तुळया, काटकोनात मांडलेल्या. लांब बाजू जवळजवळ साडेसात मीटर. त्यांवर तीन थरांत काशाच्या ६५ घंटा. सर्वांत थोरली दोनशे किलोंच्या वर, सर्वांत धाकटी जेमतेम अडीच किलोची. आणि हा सगळा भार हातांवर पेलून उभे आहेत कमरेला तलवार लावलेले काशाचे सैनिक!

झंग नावाच्या छोट्या राज्याचा अधिपती यी याच्याबरोबर ही वाद्यं पुरली गेली. एका घंटेवर इ.स.पू. ४३३ सालचा लेख आहे. ती चू देशाच्या राजाने पाठवलेली भेट. १९७८ साली लेइगुदुनच्या टेकडीतलं थडगं उघडलं, तेव्हा आत पाणी भरलेलं होतं आणि बहुतेक घंटा जागच्या जागी लटकलेल्या होत्या.

सभागृहात त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती वाजवतात. पाच वादक येतात. तिघांच्या हाती लाकडी हातोड्या. दोघांच्या हाती लांबलचक दांडे, खालच्या अजस्र घंटांसाठी. पहिला टोला पडतो. खर्ज पायांखालच्या लाकडातून अंगात चढतो! मग वरच्या थरातून काचेसारखे स्वच्छ, इवले स्वर ठिबकू लागतात.

आणि आता खरी नवलाई. वादक एकाच घंटेच्या मधोमध मारतो, एक स्वर. तिच्याच कडेला मारतो, दुसरा स्वर! कधी सा आणि शुद्ध गंधाराचं अंतर, कधी सा आणि कोमल गंधाराचं. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर वसईच्या लढाईनंतर आलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. ती गोल, म्हणून तिचा नाद घुमत राहतो. या घंटा मात्र दोन कौलं समोरासमोर जोडावीत तशा चपट्या. त्यामुळेच दोन स्वर वेगळे निघतात आणि नाद लवकर विरतो. एक स्वर दुसऱ्यावर सांडत नाही, म्हणून घंटांवर चक्क सुरावट वाजते. पल्ला पाच सप्तकांचा, आणि मधल्या सप्तकांत बाराही स्वर हजर.

काचेला नाक लावून पाहिलं, तर घंटांच्या अंगावर सोन्याने भरलेली अक्षरं चमकतात. कुठे मारलं की कोणता स्वर, हे तिथेच कोरलेलं. झंगच्या स्वराला चू, जिन, छी या देशांत काय म्हणतात, तेही! वाद्य आणि त्याचं शास्त्र एकाच धातूत ओतलेलं.

जगातली प्राचीन स्वरव्यवस्था इतक्या स्पष्टपणे स्वतःच बोलताना मी दुसरीकडे कुठे ऐकलेली नाही. वुहानला गेलात, तर घंटा नुसत्या पाहून परतू नका, वादन ऐकाच. वाजतात त्या प्रतिकृती, पण स्वर चोवीसशे वर्षांपूर्वी ठरलेले आहेत.