धरून राहणारा

त्याला घाई माहीत नाही. बटण दाबलं की दबका घुर्र आवाज होतो आणि नळीतून चकचकीत दांडा बाहेर सरकू लागतो, सेकंदाला जेमतेम 10 मिलिमीटर. फूटभर अंतराला अर्धं मिनिट. अंगावर ओझं पडलं की चाल थोडी मंदावते, आवाजाची पट्टी जराशी उतरते. पण तो अडखळत नाही आणि मागेही येत नाही. शेवटाला पोचला की आतून ‘टक्’ असा बारीक आवाज येतो आणि सगळं शांत होतं.

हा इलेक्ट्रिक लिनिअर ॲक्च्युएटर. घरगुती कामातले लोक नुसतं ॲक्च्युएटर म्हणतात. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मागितला तर दुकानदार दोनच गोष्टी विचारतो: “स्ट्रोक किती? लोड किती?” म्हणजे दांडा किती बाहेर यायला हवा आणि किती वजन उचलायचंय. तिसरी गोष्ट आपण विचारायची असते, ती म्हणजे वेग. तेवढ्याच मोटरीतून ताकद जास्त हवी असेल तर वेग सोडावा लागतो. चौथी म्हणजे बंद असतानाची लांबी. 200 मिमी स्ट्रोकचा गडी पूर्ण मिटला तरी 300 मिमीहून लांबच राहतो, कारण दांडा आत मावायला तेवढी नळी लागते आणि वर गिअरबॉक्सची जागा. सुताराने खण तयार केल्यावर हे आठवून उपयोग नसतो.

दिसायला तो अगदी साधा. एका बाजूला बारा व्होल्टची मोटर, तिला चिकटलेला गिअरबॉक्स, त्यातून निघालेली नळी, दोन्ही टोकांना पिन घालायला एकेक भोक. वायरी दोनच. एका रीतीने जोडल्या तर दांडा बाहेर येतो, उलट जोडल्या तर आत जातो. एवढ्यासाठी सहा टोकांचा साधा रॉकर स्विच पुरतो. मागच्या टोकांवर वायरींची फुली मारली की झालं. ज्याने आयुष्यात फक्त दारावरची बेल जोडली आहे, त्यालाही हे जमतं. म्हणूनच मला तो हौशी माणसाचा खरा सोबती वाटतो. हवेवर किंवा तेलावर चालणाऱ्या सिलिंडरला पंप, पाइप, झडपा असा सगळा लवाजमा लागतो. याला एक बॅटरी पुरते.

त्याचं कुळ जुनं आहे. पंक्चर झाल्यावर गाडीखाली लावायचा स्क्रू जॅक हा त्याचा सख्खा भाऊ. तिथे हाताने फिरवतात, इथे मोटर फिरवते. 1990च्या दशकात आपल्याकडे केबल टीव्ही पसरला, तेव्हा गच्च्यांवर मोठ्या जाळीदार डिश उभ्या राहिल्या. ज्या डिशला एकाहून जास्त उपग्रह गाठायचे असत, तिच्या पाठीला असाच एक लांब हात जोडलेला असे. तो 36 व्होल्टवर चालायचा, ऊन-पाऊस खायचा आणि खोलीत बसून बटण दाबणाऱ्यासाठी ती सगळी छत्री पूर्वेकडून पश्चिमेकडे वळवायचा. दुसरी शाखा दवाखान्यात गेली. डेन्मार्कमधल्या आल्स बेटावरच्या लिनाक कंपनीने गेल्या काही दशकांत रुग्णांच्या खाटा, उंची बदलणारी टेबलं, आरामखुर्च्या यांत त्याला असा बसवला की खाटेवरच्या माणसाला तो दिसतही नाही.

त्याचा स्वभाव कळायला मात्र त्याला उघडावंच लागतं. शेपटाकडचे चार स्क्रू काढले की आत एक लांब स्क्रू दिसतो. आटे रुंद, वरच्या बाजूला किंचित निमुळते, ग्रीसने माखलेले. त्यावर एक नट आणि नटाला जोडलेला तो चकचकीत दांडा. स्क्रू जागच्या जागी फिरतो, नटाला फिरायला मुभा नसते, म्हणून तो पुढे सरकतो. (दांड्याचं टोक पिनेने बांधलेलं नसेल तर काही ॲक्च्युएटरचा दांडा नुसता स्वतःभोवती गरगरतो आणि नवखा माणूस माल खराब निघाला म्हणून दुकानात परत जातो.)

आटा म्हणजे खांबाभोवती गुंडाळलेला घाट. स्क्रू 12 मिमी जाडीचा आणि आट्याचं अंतर 3 मिमी असेल, तर एका वेढ्यात सुमारे 33 मिमीची वाट आणि 3 मिमीची चढण. म्हणजे चढ पाच अंशांच्या आसपास. पोलादाचा स्क्रू आणि पितळी किंवा कांस्याचा नट यांच्यातलं घर्षण इतकं असतं की आठेक अंशांच्या उतारावरूनही नट आपोआप घसरत नाही. वरून कितीही दाबा, नट खाली येण्यासाठी स्क्रू फिरायला हवा आणि घर्षण त्याला फिरू देत नाही. मोटर बंद, वीज गेलेली, वायरी तोडलेल्या, तरी तो जिथे थांबला तिथेच उभा.

या घर्षणाची किंमत तो रोज मोजतो. बारा व्होल्टवर तीन अँपिअर घेतले म्हणजे 36 वॅट आत गेले. हजार न्यूटनचं, म्हणजे सुमारे शंभर किलोचं ओझं सेकंदाला 10 मिमीने उचललं तर बाहेर आले फक्त 10 वॅट. उरलेले सगळे तापण्यात गेले. याहून तिप्पट कार्यक्षम स्क्रू मिळतात. त्यांच्यात स्क्रू आणि नटाच्या आट्यांमधून छोट्या गोळ्या धावतात. पण तो बॉल स्क्रू वीज गेली की ओझ्याखाली उलटा फिरून खाली येतो. त्याला धरायला वेगळा ब्रेक लावावा लागतो. आमच्या या साध्या गड्यात जे घर्षण वीज खातं, तेच घर्षण ओझं धरतं. या एका गोष्टीसाठी मी त्याच्यावर जीव टाकतो.

आईला रात्री आडवं पडलं की धाप लागायची, म्हणून तिच्या पलंगाचा डोक्याकडचा भाग वर उचलणारा करून घेतला. 18 मिमीची प्लायची फळी, कमरेपाशी बिजागऱ्या, खाली ॲक्च्युएटर. आई बटण स्वतः दाबायची. हव्या त्या उंचीवर बोट काढायची, आणि रात्री वीज गेली तरी फळी तिथेच असायची. उशांचा ढीग रात्रभरात सरकतो. हा सरकला नाही.

ते करताना एक हिशेब कागदावर मांडला होता, तो सांगण्यासारखा आहे. फळीवर कमरेच्या वरचं 30 किलो वजन, त्याचा मध्य बिजागरीपासून 400 मिमीवर. ॲक्च्युएटर फळीला बिजागरीपासून 300 मिमीवर जोडलेला. तो फळीशी 20 अंशांचा कोन करून बसला तर सुरुवातीला सुमारे 115 किलोचा जोर लागतो. पलंगाखाली जागा कमी म्हणून तोच 10 अंशांवर आडवा निजवला, तर 230 किलोचा! माणूस तोच, फळी तीच. खरी कसोटी पहिल्या बोटभर उचलण्याची. फळी वर जाऊ लागली की काम हलकं होत जातं. म्हणून ताकद विकत घेण्याआधी कोन मिळवावा. पलंगाचे पाय दोन इंच उंच करणं हे दुप्पट ताकदीचा ॲक्च्युएटर घेण्यापेक्षा कधीही स्वस्त.

ताकद आहे, चिकाटी आहे. जाण मात्र नाही. त्याला फक्त आपली दोन टोकं कळतात. नळीत दोन्ही शेवटांना एकेक छोटा स्विच असतो आणि प्रत्येक स्विचशेजारी एक डायोड. नटाने स्विच दाबला की त्या दिशेचा प्रवाह तुटतो; डायोड उलट दिशेचा प्रवाह जाऊ देतो, म्हणून परतीची वाट खुली राहते. सुरुवातीचा तो ‘टक्’ या स्विचचा. पण मधल्या सगळ्या प्रवासात वाटेत उशी आली, चादरीची गाठ आली की लहान मुलाचं बोट आलं, त्याला फरक पडत नाही. तो ढकलत राहतो. तेव्हा ही जाण आपण त्याला द्यायची: बटण असं की दाबून धरलं तरच चालेल, बोट काढताच थांबेल, वायरीत योग्य अँपिअरचा फ्यूज, आणि मायक्रोकंट्रोलर लावणार असाल तर प्रवाह मोजणारा सेन्सर, म्हणजे अडथळ्याने प्रवाह चढताच मोटर बंद. घरात मूल असेल तर यातलं काहीही टाळू नये. मी याबाबत हट्टी आहे.

त्याला जमत नाहीत अशी कामंही आहेत. बाजूने दिलेला रेटा त्याला सोसत नाही. दांडा वाकतो, नळीच्या तोंडाचं सील फाटतं. तो फक्त लांबीच्या रेषेत ढकलतो आणि ओढतो, डोलारा सांभाळायचं काम बिजागऱ्यांचं किंवा सरकपट्ट्यांचं. दोघांना एका फळीखाली जोडीने लावलं तर ते एका वेगाने चालत नाहीत. ज्याच्या बाजूला वजन जास्त तो मागे पडतो आणि फळी तिरकी होते. उंची बदलणाऱ्या टेबलांत म्हणूनच प्रत्येक पायाच्या मोटरीचे फेरे मोजून त्यांना एकमेकांसाठी थांबवतात.

आणि गणपतीच्या हलत्या देखाव्यात, जिथे मूर्तीचा हात सकाळपासून रात्रीपर्यंत वरखाली होत राहायचा असतो, तिथे त्याला जुंपू नये. बऱ्याच ॲक्च्युएटरवर 25 टक्के असं लिहिलेलं असतं, म्हणजे वीस मिनिटांत पाच मिनिटं काम, बाकी विश्रांती. काहींना त्याहूनही कमी. मघाचे ते तापणारे वॅट बाहेर जायला वेळ लागतो. सतत हलणाऱ्या हाताला गाडीच्या वायपरची मोटर आणि क्रँक हेच बरोबर, मंडळांची पोरं वर्षानुवर्षं तेच लावतात. पण दर दहा मिनिटांनी कमळ उमलावं आणि आतून बाप्पा दिसावेत असं मनात असेल, तर या कामाला त्याच्यासारखा कोणी नाही.

त्याचं मागणं एकच, ग्रीस. ते सुकलं की आवाज कोरडा होतो, मग नटाचे आटे झिजू लागतात. नट मुद्दामच स्क्रूपेक्षा मऊ धातूचा किंवा प्लॅस्टिकचा करतात, म्हणजे झीज स्वस्त भागाची व्हावी. पण दुर्लक्ष कुठवर जाऊ शकतं याचं भयंकर उदाहरण याच घराण्यात आहे. 31 जानेवारी 2000 रोजी अलास्का एअरलाइन्सचं एमडी-83 विमान कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात कोसळलं आणि त्यातले सगळे, 88 जण, गेले. शेपटीचा आडवा पंख वरखाली करणाऱ्या स्क्रूवरच्या नटाचे आटे पुरेशा ग्रीसअभावी झिजून निघाले होते.

घरातल्या पलंगाला तितका धोका नाही, तरी पलंगावर आपलंच माणूस असतं. म्हणून नवा ॲक्च्युएटर घेताना मी वेग आणि लोड बघण्याआधी शेपटाकडचे ते चार स्क्रू बघतो. बरेच स्वस्त नमुने दाबून कायमचे बंद केलेले येतात; त्यांत ग्रीस भरता येत नाही, पाचपन्नास रुपयांचा नट बदलता येत नाही, सगळा गडीच फेकावा लागतो. तसला मी घेत नाही.