दूधबाजार ते कॉलेज रोड

नाशिकचे जुने नाव गुलशनाबाद. घरातली बुजुर्ग मंडळी अजून अधूनमधून ते घेतात. या गुलशनाबादेत आपली जुनी वस्ती दूधबाजार, भद्रकाली, चौक मंडई, कथडा या भागात. तिथून शालिमार, सीबीएस, कॅनडा कॉर्नर करत कॉलेज रोडला जायचे तर अंतर चारेक किलोमीटर. सिटीलिंकच्या बसने अर्ध्या तासात पोहोचता येते. पण उर्दू माध्यमातून बारावी झालेल्या किती मुली हे अंतर कापतात, ते आम्ही शिक्षक दरवर्षी बोटांवर मोजतो.

ज्या कॉलेजवरून या रस्त्याला नाव मिळाले ते हंसराज प्रागजी ठाकरसी कला महाविद्यालय, सगळ्यांच्या तोंडी एचपीटी. नामदार गोखल्यांचे नाव घेऊन १९१८ साली प्राचार्य टी. ए. कुलकर्णी यांनी गोखले एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि सोसायटीने १९२४ मध्ये हे कॉलेज काढले. तेव्हा पुणे विद्यापीठ जन्माला यायचे होते. ते झाले १९४९ मध्ये. कॉलेजने आता शंभरी ओलांडली आहे. कवी कुसुमाग्रज इथले विद्यार्थी, नाटककार वसंत कानेटकर इथले प्राध्यापक. शेजारी विज्ञान शाखा आहे आणि वाणिज्यचे बीवायके कॉलेजही. बीवायके म्हणजे भिकुसा यमासा क्षत्रिय, सिन्नरचे विडीवाले. विड्या वळणाऱ्या हातांच्या कमाईतला वाटा असा एका कॉलेजच्या नावापर्यंत पोहोचला, हे आम्ही मुलींना मुद्दाम सांगितले. त्यांच्यापैकी दोघींच्या दादींनी आयुष्यभर विड्या वळल्या आहेत.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका शनिवारी आम्ही बारावीच्या मुलींना घेऊन तिकडे गेलो होतो. परीक्षेचे ओझे अजून लांब होते. झाडांच्या सावलीत मुले-मुली वह्या पसरून बसलेली, कुणी नाटकाचे संवाद पाठ करतोय, कुणी एनसीसीच्या गणवेशात. आमच्या मुली आधी एकमेकींचे हात धरून चालत होत्या. फलकापाशी आल्यावर हात सुटले. राष्ट्रीय सेवा योजना, वक्तृत्व, पत्रकारिता विभाग, सगळे त्यांनी मोठ्याने वाचून काढले. सर्वात जास्त प्रश्न निघाले ‘कमवा आणि शिका’वर. विद्यापीठाची ही योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालते. ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत काही तास काम करायचे आणि तासाच्या हिशेबाने मानधन घ्यायचे. “म्हणजे अब्बांकडे बसच्या पैशाला हात पसरायला नको,” एकजण म्हणाली.

दुसऱ्या मुलीने मात्र दबक्या आवाजात विचारले, “पेपर उर्दूत लिहिता येतात का?”

खरी अडचण इथे आहे. बी.ए.चे पेपर मराठीत किंवा इंग्रजीत लिहायचे. दहावीला मराठीत पास होणे वेगळे आणि राज्यशास्त्राचे दहा गुणांचे उत्तर मराठीत लिहिणे वेगळे. हुशार मुलगी पहिल्या महिन्यात गप्प बसते, दुसऱ्या महिन्यात गैरहजर राहते आणि घरचे म्हणतात, झेपत नाही तिला. झेपत नाही असे नसते, शब्द सापडत नसतात. आठवीपासून घरात रोज एक मराठी वर्तमानपत्र येऊ द्या. एक बातमी मोठ्याने वाचायची आणि चार ओळींत आपल्या शब्दांत लिहायची. अगदी साधी गोष्ट, पण आमच्या वर्गात फरक पडतो. जुन्या नाशकापासून जवळच सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० सालचे. आपल्या मोहल्ल्यातून तिथे पायी जाता येते.

“बी.ए. करून काय होणार?” हा सवाल पालकसभेत हमखास येतो. विचारणारे वडील दिवसभर गॅरेजमध्ये किंवा हातगाडीवर खपलेले असतात. तीन वर्षे ही लहान रक्कम नाही. त्यांना आम्ही सांगतो, शिक्षकी, वकिली, पत्रकारिता, भाषांतर, सरकारी नोकरी, या सगळ्या वाटा याच दारातून जातात. एमपीएससीने राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक केली आहे. पर्यायावर खूण करून भागणार नाही, मुद्दा मांडता आला पाहिजे. कला शाखेत तेच शिकवतात.

शिवाय आपल्या मुलांकडे एक ठेवा आहे, ज्याची किंमत आपणच करत नाही. सेतुमाधवराव पगडी (१९१०-१९९४) हे हैदराबाद संस्थानाच्या नोकरीतले अधिकारी. त्यांना उर्दू आणि फारसी येत होती, म्हणून मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधने त्यांनी मराठीत आणली. उर्दू शायरीही त्यांनी मराठी वाचकापर्यंत पोहोचवली. आपल्या घरातल्या मुलाला ती लिपी सहाव्या वर्षीच येते. त्यावर दोन वर्षे फारसीचा अभ्यास केला आणि मराठी पक्की केली, तर मोगल-मराठा काळाचे कागद वाचू शकणारा संशोधक आपल्या गल्लीतून का निघू नये? या दोन्ही भाषा येणारी माणसे आज फार थोडी आहेत.

आता पैशाचे. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्राने २०२२-२३पासून बंद केली. पीएच.डी. करणाऱ्यांना तो मोठा फटका बसला, त्यावर रडत बसून उपयोग नाही. जे आहे ते तरी हातचे सोडू नका. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे. त्यासाठी अम्मीचे किंवा अब्बांचे विडी कामगार ओळखपत्र लागते, म्हणून ते शोधून ठेवा. तांबोळी, पिंजारी, मोमीन, अत्तार अशा बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, पण दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले निघते आणि तिथे गाडी अडते. मग चुलत आजोबा, मोठे अब्बा, जुनी खरेदीखते असे शोधत फिरावे लागते. बारावीच्या निकालानंतर हे काम सुरू केले तर प्रवेशाची मुदत टळून जाते. नववीतच हाती घ्या.

ज्यांना रोज जाणे जमत नाही, ज्यांचे लग्न झाले आहे किंवा जे दुकान सांभाळतात, त्यांच्यासाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ साली स्थापन झालेले, मुख्यालय गंगापूर धरणाच्या वाटेवर. त्याचे ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. तरीही ज्या मुलीला रोज घराबाहेर पडता येते, तिला नुसती पदवीची पुस्तके घरी आणून देऊ नका. झाडाखाली बसून नाटक बसवणाऱ्या, वाद घालणाऱ्या, वेगळ्या घरातून आलेल्या मुलींची सोबत टपालाने येत नाही.

त्या शनिवारच्या मुलींपैकी तिघींनी अर्ज भरायचे ठरवले आहे. एकीच्या वडिलांनी आम्हाला फक्त एवढेच विचारले, परतीची बस किती वाजता आहे. वेळापत्रकाचा फोटो आम्ही त्यांना पाठवून दिला.