कुठली दारू बरी?

मराठी भाषा तशी चोखंदळ. एका भावाच्या बायकोला भावजय म्हणेल, नवऱ्याच्या बहिणीला नणंद म्हणेल, पण एकीचं नाव दुसरीला लावू देणार नाही. असं असताना दारू या एका शब्दाच्या बाबतीत तिनं एवढा गलथानपणा का केला असावा, हे मला आजवर उमगलेलं नाही. घशातून उतरून माणसाला उडवते तीही दारू आणि नळीत उतरून गोळीला उडवते तीही दारूच!

याचा प्रत्यय मला ओहायोत आला. थोरल्या बहिणीकडे, म्हणजे अक्काकडे, साठवलेली रजा सत्कारणी लावायला आम्ही उभयता गेलो होतो. आमचे दाजी मूळचे कोल्हापूरकडचे. अमेरिकेत पंचवीस वर्षं काढली, तिथले नागरिक झाले, पण जिभेवरचा पंचगंगेचा पाणीपट्टा काही वाळला नाही. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेला माणूस, अशी त्यांची ख्याती मी लग्नापासून आमच्या सौभाग्यवतींना ऐकवत आलो होतो. आणि तिसऱ्याच दिवशी भर पंगतीत दाजी गंभीरपणे म्हणाले, "पाव्हणं, औंदा कुठली दारू घ्यावी म्हंता?"

सौ.चा हात वाटीतच थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी दाजींकडे पाहिलं.

"अगं, ती नव्हे," अक्का भात वाढता वाढता म्हणाली, "बंदुकीची. दर डिसेंबरला ह्यांना हा आजार होतो."

"वन्सं, मी काही म्हटलं का?" सौ. म्हणाली. पण तिचा जीव भांड्यात पडल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

आता दाजींची बंदूक म्हणजे ठासणीची. हा शब्द ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आले ते कोकणातले आमचे मामा. माकडं आणि रानडुकरं यांच्यापासून शेती राखायची म्हणून त्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. निवडणुका लागल्या की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकाल लागले की घरी यायची. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग छर्रे, आणि मग लोखंडी गजानं ठासायचं. या सगळ्याला इतका वेळ लागे की माकडं तेवढ्यात पोटभर आंबे खाऊन चालती व्हायची. मामांच्या दहा बारांतले चार नुसते फुस्स व्हायचे. 'फुसका बार' हा वाक्प्रचार आपण हल्ली पुढाऱ्यांच्या भाषणांना लावतो, पण तो मुळात अशाच दमट दारूतून निघालेला आहे, याबद्दल मला शंका नाही.

हरणाची गोष्ट मात्र वेगळी. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणावर बंदूक रोखणं म्हणजे तुरुंगाचा सरळ रस्ता, आणि ते योग्यच आहे. ओहायोत पांढऱ्या शेपटीची हरणं इतकी आहेत की ती मक्याची शेतं खातात आणि रात्री मोटारींपुढे उड्या घेतात. म्हणून तिथलं सरकार रीतसर परवाने देऊन शिकार करू देतं आणि मारलेल्या प्रत्येक हरणाची नोंद घेतं. त्यातही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस खास ठासणीच्या बंदुकीचे. नेहमीचा हंगाम संपल्यावर हे चार दिवस मिळतात, म्हणून बिचारे लोक पणजोबांच्या पद्धतीनं बार भरतात.

पण बंदूक पणजोबांची नसते, बरं का. १९८५ साली मिझुरीतल्या टोनी नाइट नावाच्या गृहस्थांनी ठासणीच्या बंदुकीला नवा अवतार दिला. टोपी, म्हणजे ठिणगी देणारी ती चिमुकली धातूची वाटी, पूर्वी नळीच्या बाजूला असायची. ती त्यांनी दारूच्या थेट पाठीमागे, एका रेषेत आणून बसवली. ठिणगीचा वळसा वाचला. वर दुर्बीण आली, गोळीला प्लॅस्टिकचा अंगरखा आला. 'नव्या बाटलीत जुनी दारू' असं आपण म्हणतो. इथं बाटलीही नवी आणि दारूही नवी. जुनी राहिली ती फक्त ठासायची दगदग.

दाजींबरोबर मी दुकानात गेलो. आपल्याकडे चहाच्या दुकानात फॅमिली मिक्श्चर घ्यावं की ममरी, यावर जसा खल चालतो, अगदी तसाच तिथं चालला होता. टोप्या घातलेली पाच-सहा माणसं कपाटापुढे उभी राहून डब्यांवरची अक्षरं स्तोत्रासारखी वाचत होती.

मूळची काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. अठराव्या शतकात युरोपातल्या तोफांना लागणारा पुष्कळसा सोरा आपल्या बिहारातून जहाजांनी जायचा, तेव्हा या खात्यात आपलंही थोडं भांडवल आहे. या दारूचा गुण असा की ती ठिणगी पाहिली की पेटते, आढेवेढे घेत नाही. दोषही तोच. त्यामुळे सरकार तिला स्फोटक समजतं, आणि ठेवायच्या कटकटी नकोत म्हणून बहुतेक दुकानदार ती ठेवतच नाहीत. शिवाय बार झाल्यावर नळीत जी काजळी राहते ती हवेतलं पाणी शोषते आणि रातोरात गंज धरते. शिकारीहून दमून आलेल्या माणसानं जेवायच्या आधी साबणाच्या गरम पाण्यानं नळी धुवायची, असा या दारूचा दंडक आहे. सासूच्या धाकाला कमी नाही.

यावर उपाय म्हणून तिचे सावत्र भाऊ निघाले. पायरोडेक्स १९७० च्या दशकात आली. पेटायला जरा आळशी, म्हणून ठेवायला कमी धोक्याची, पण गंजाची खोड तीच. ट्रिपल सेव्हन गंधकाशिवायची, त्यामुळे सडक्या अंड्याचा वास नाही, पाण्यानं धुतली जाते आणि अंगात जोर जास्त. पण बारानंतर नळीत काजळीचं एक टणक कडं धरते आणि दुसरी गोळी तिथं अडते. ब्लॅकहॉर्न २०९ ही २००८ सालची. पाणी शोषत नाही, काजळी कमी. मात्र ती साध्या टोपीला दाद देत नाही, २०९ नंबरचीच तापट टोपी मागते. आणि किंमत विचारून मी डबा दोन्ही हातांनी जपून परत ठेवला.

यांपैकी काहींच्या गोळ्याही मिळतात, पन्नास-पन्नास ग्रेनच्या. मोजायला नको, दोन टाकल्या की झालं. आपल्या डोकेदुखीच्या गोळ्यांसारखंच. पण कोलोरॅडोसारख्या राज्यात ठासणीच्या हंगामात अशा वळलेल्या गोळ्या चालत नाहीत, सुटी भुकटीच हवी. १९२० च्या जुन्या परिपत्रकावर आमच्या बँकेत जसा दुपारभर वाद चालतो, तसा यावर अमेरिकेत चालतो, हे ऐकून मला परदेशात पहिल्यांदाच घरच्यासारखं वाटलं.

आणि एक दारू कपाटात असूनही तिच्याकडे बोटसुद्धा दाखवायचं नाही. ती म्हणजे आजच्या काडतुसातली बिनधुराची. ती ठासणीच्या बंदुकीत घातली की नळी फुटते आणि शिकाऱ्याचीच शिकार होते. खास तिच्यासाठी बांधलेल्या एखाद्या मॉडेलचा अपवाद सोडला, तर या नियमाला सवलत नाही.

माझा खरा खटका उडाला तो मापावर. ग्रेन हे वजन. एका पौंडात सात हजार ग्रेन, आपल्या एका तोळ्यात १८०. म्हणजे शंभर ग्रेनचा बार हा अर्ध्या तोळ्याहून थोडा जास्त. इथवर वाणिज्य पदवीधराला पटलं. पण दाजींनी पितळी मापात शंभराच्या रेघेपर्यंत ब्लॅकहॉर्न भरली आणि मी ती काट्यावर ओतली, तर भरली सत्तरच्या आसपास!

"दाजी, वहीत शंभर आणि तिजोरीत सत्तर," मी म्हणालो. "आमच्याकडे याला अफरातफर म्हणतात."

"तसं न्हाई पाव्हणं. ह्यो आकार जुन्या काळ्या दारूचा. ही हलकी. आकारानंच मोजायची. काट्यावर शंभर तोलून घातली तर बार जड हुईल आन् बंदूक आपल्यावरच उलटंल."

माझ्या नोकरीत आकारानं मोजायची वस्तू म्हणजे फक्त साहेबाची केबिन. पण मुद्दा पटला. तरी हिशेब केलाच. पौंडभर काळ्या दारूत सत्तर बार. दाजी हरीण मारणार हंगामात एक. म्हणजे एक डबा सत्तर वर्षांची मुदत ठेव! "मग महाग-स्वस्त कशाला बघता?" मी विचारलं. दाजींनी उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं ते शेजारच्या म्हातारबुवांनी.

म्हातारबुवा मूळचे पेनसिल्व्हेनियाचे. तिथं नाताळानंतर चकमकीच्या बंदुकीचा हंगाम असतो, तो १९७४ साली सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी हे गृहस्थ त्यात होते. आजही चकमक आणि अस्सल काळी दारू, बाकी सगळं थोतांड, असं त्यांचं मत. नव्या दारवा चकमकीच्या ठिणगीनं धड पेटत नाहीत, हे त्यांचं म्हणणं खरंही आहे. मी त्यांना माझा सत्तर वर्षांचा हिशेब ऐकवला. ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.

त्यांनी सांगितलं ते असं. त्या पहिल्या हंगामात बर्फ भुरभुरत होतं. हरीण समोर, चाप ओढला. बाहेरची रंजक पेटली, पण आतला बार जागेवरच राहिला. तिला दमट हवा लागली होती. क्षणभर काहीच झालं नाही, नळी किंचित हलली आणि मग बार झाला. गोळी बसली मागच्या पायाला. बर्फात रक्ताचे थेंब धरून अंधार पडेपर्यंत ते चालले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, दिवसभर. हरीण सापडलं नाही.

"अर्धा सेकंद," म्हातारबुवा म्हणाले. "अजून मोजतो मी तो." आणि घरात निघून गेले.

दाजी बराच वेळ माप पुसत बसले. मग म्हणाले, "आपल्याकडं बार एकच हाय, पाव्हणं. दुसरा भरंस्तवर ते ल्येकरू निम्म्या रानात."

त्यानंतर मी थट्टा आवरली आणि वही काढली. रकाने आखायचं काम आयुष्यभर केलेलं आहे. बंदूक रिकामी करून रात्रभर गारठलेल्या गॅरेजात ठेवली, सकाळी चांदमारीच्या मैदानावर नेली. तीन दारवा, प्रत्येकीचे पाच बार, शंभर यार्डांवर कागद. टोपी वाजल्याबरोबर बार झाला का? गोळी किती जोरानं ठासावी लागली? कागदावर कुठे लागली? नेमाच्या बाबतीत तिन्ही दारवांमध्ये भांडण लावण्यासारखं काही नव्हतं, सगळ्यांची भोकं तळहाताखाली झाकत होती. पण एकीची चौथी गोळी अडली, गज अंगाच्या भारानं दाबावा लागला. दुसरीला दर बारानंतर नळी पुसायला लागली. ब्लॅकहॉर्नच्या रकान्यात मात्र पहिल्यापासून पाचव्यापर्यंत 'सदर' लिहीत गेलो. दाजींनी वही पाहिली आणि महागातला डबा घेतला. अक्कानं किंमत विचारली नाही, यावरून तिनंही म्हातारबुवांची गोष्ट आधी ऐकलेली असावी.

हंगामाचे पहिले दोन दिवस वाया गेले. नारिंगी जाकिटं घालून आम्ही दोघं झाडाखाली गणपतीच्या आराशीतल्या चित्रांसारखे बसलो होतो. दुसऱ्या संध्याकाळी एक हरीण आलं, पण उजेड गेला होता. दाजींनी बंदूक उचलली नाही. रात्री बंदूक घरात आणली नाही, गॅरेजातच ठेवली. थंडीतून उबेत आणली की लोखंडाला घाम फुटतो आणि सगळं मुसळ केरात.

तिसऱ्या दिवशी सकाळी साठ-सत्तर पावलांवर एक हरीण आडवं उभं राहिलं. दाजींचा श्वास थांबला, माझाही. टोपी आणि बार असे दोन आवाज मला ऐकूच आले नाहीत, एकच झाला. मग धूर. धुरापलीकडे काय झालं ते कळेना, म्हणून दोघंही वाकून खालून बघत होतो. हरीण चाळीस पावलं गेलं आणि खाली बसलं. पुन्हा उठलं नाही. दाजींनी डोक्यावरची टोपी काढली आणि काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

म्हातारबुवा दुपारी आले. जखम कुठे आहे ते त्यांनी पाहिलं, मान हलवली, आणि माझ्याकडून ती वही मागून घेऊन मराठी रकान्यांवरून उगाच बोट फिरवलं.

रात्री अक्कानं तांबडा रस्सा केला. आमच्या सौ.नं पिठलं-भात वेगळा मांडला. म्हातारबुवांना अगत्यानं पानावर बसवलं होतं. त्यांनी पहिला चमचा तोंडात घातला. एक क्षण काहीच झालं नाही. मग कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि पाण्याचा ग्लास रिकामा करून त्यांनी अक्काला विचारलं, "बाई, यात कुठली दारू घातलीत?"

"कांदा-लसूण मसाला," अक्का म्हणाली. "आकारानं मोजून!"