खळ

कापडाच्या दुकानात वाढलेल्या वाचकांना ‘खळ’ म्हणजे काय हे सांगण्याची आवश्यकता नाही. ज्यांच्या घरी किराणा, सराफी किंवा हार्डवेअरचा व्यवसाय आहे, त्यांच्यासाठी दोन ओळी लिहितो. विरळ विणीच्या कापडाला पिठाची पेज दिली की ते तात्पुरते भरदार होते. हाताला जड लागते, घडी ताठ बसते, दुकानातील दिव्याखाली त्यावर चमकही येते. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते आणि खरे कापड समोर येते. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सारे आक्का म्हणतो, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये ताग्याचे टोक नुसते चोळून खळ किती आणि सूत किती हे सांगू शकते. पनवेलच्या बाजारपेठेत तिच्या सासरचे कापडाचे दुकान आहे. दाजी गेल्यापासून भाचा दुकान पाहतो. आक्का भागीदार आहे आणि एकाहत्तराव्या वर्षीही रोज सकाळी दहा वाजता गल्ल्यावर बसते.

२०२४ च्या दिवाळीआधीची गोष्ट. दुकानात गर्दी होती. एका गिऱ्हाइकाने तीन हजार आठशे पन्नास रुपयांचे कापड घेतले, भिंतीवरच्या क्यूआर कोडसमोर फोन धरला आणि हिरवी खूण असलेला पडदा आक्काला दाखवला. तिने मान डोलावली. रात्री हिशेब लागेना. तो पडदा बनावट होता, पैसे आलेच नव्हते. दुकानाच्या खात्याचे सर्व संदेश भाच्याच्या फोनवर येत आणि भाचा त्या वेळी माळ्यावर माल काढत होता. आक्काजवळ होता तो नातवाने टाकून दिलेला, कोपऱ्यात तडा गेलेला फोन. त्यावर ती फक्त बोलत असे.

भाचा रागावला नाही. तो म्हणाला, “आई, आता तू गल्ल्यावर नको बसूस. घरी आराम कर.” रागावला असता तर बरे झाले असते, असे आक्का मला नंतर म्हणाली.

त्या रात्री तिचा फोन आला. “मला एक फोन घेऊन दे. माझ्या पैशांनी. वीस हजारांच्या आत. आणि हे बघ, हलका नको.”

मी म्हटले, “आक्का, तुला संदेश वाचायचे आहेत. दहा हजारांचा फोनही वाचून दाखवील.”

“काउंटरवर चार माणसांसमोर ठेवायचा असतो तो. इतकी वर्षे मी सगळ्यांचे टाकलेले फोन वापरले. एक तरी हातात घेतल्यावर बरा वाटू दे.”

बँकेत एकतीस वर्षे काढलेल्या माणसाला असल्या बोलण्याचा थोडा संशय येतो. सोने तारण कर्जाच्या टेबलावर मी काही काळ होतो. तिथे एक गोष्ट पक्की शिकलो, की हाताला जे जाणवते त्यावर कर्ज देऊ नये. एकदा दोन भरदार पाटल्या आल्या होत्या. हातात घेतल्या तर मन प्रसन्न व्हावे असे वजन. आमच्या मूल्यमापक सराफांनी त्या कसोटीवर घासल्या, कस उत्तम निघाला, तरी त्यांची भुवई उतरेना. आत लाख भरलेली होती. सोने खरेच होते, पण वजनाचा बराचसा भाग लाखेचा होता. कर्ज मागणाऱ्या बिचाऱ्या बाईलाही ते ठाऊक नव्हते.

शिवाय माझा स्वतःचा अनुभव ताजा होता. २०१९ साली मी एक फोन केवळ पाठीवरच्या निळ्या-जांभळ्या झळाळीला भुलून घेतला होता. दोन वर्षे छान चालला. मग कंपनीने सुरक्षेच्या सुधारणा पाठवणे बंद केले. पुढे एके दिवशी माझ्या पेन्शन खात्याचे ॲपच त्यावर उघडेना. पाठ मात्र अजून तशीच झळाळते. तो फोन सध्या आमच्या घरी गजराचे घड्याळ आहे.

म्हणून या वेळी मी कर्जप्रस्तावाची छाननी करावी तसा तक्ता आखला. स्मरणशक्ती, साठवण, बॅटरी, सुधारणा किती वर्षे मिळणार, धूळ-पाण्यापासून संरक्षण, दुरुस्ती केंद्र पनवेलमध्ये आहे की वाशीला जावे लागेल. स्पर्शाला मी रकाना ठेवलाच नव्हता.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात, बाजार जरा मोकळा झाल्यावर, आम्ही दोघे दुकानात गेलो. तिथल्या तरुण विक्रेत्याने आक्काकडे पाहून प्रथम सर्वांत स्वस्त फोन काढला. आक्काने तो उचललादेखील नाही. मग त्याने मोटोरोलाचा जी-८५ समोर ठेवला. जाहीर किंमत १७,९९९ रुपये, कडा वळवलेला पडदा, पाठ मऊ आणि रवाळ. आक्काची बोटे त्यावरून फिरली आणि तिचा चेहरा उजळला.

“व्हीगन लेदर आहे, आजी. एकदम प्रीमियम.”

‘लेदर’ ऐकताच आक्काने हात मागे घेतला. आमच्या घरात चामड्याचा पट्टाही येत नाही, हे त्या मुलाला कसे ठाऊक असणार? मी तिला समजावले की हे चामडे नव्हे, एक प्रकारचे प्लास्टिकच आहे, फक्त वर चामड्यासारखा रवा उठवला आहे. खऱ्या चामड्याच्या पाठीचेही फोन होऊन गेले आहेत. २०१५ चा एलजी जी-४ आपल्याकडे तशा पाठीसह विकला जात होता. पण वारे आता उलट दिशेने वाहते आहे. ॲपलने तर सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या कव्हरांसाठी आणि घड्याळांच्या पट्ट्यांसाठी चामडे वापरणे थांबवत असल्याचे जाहीर केले. जैन घरांना यात समाधान वाटावे.

आक्काने सगळे ऐकून घेतले. “प्लास्टिक आहे तर प्लास्टिक म्हणावे. ज्याचा त्याग केला, त्याचेच नाव कशाला लावायचे? पॉलिस्टरला रेशीम म्हणून विकणाऱ्यांना दाजी दुकानात उभे करत नसत.” मला वाटते, या एका वाक्यात तिने जाहिरात खात्यातील पुष्कळ मंडळींना निरुत्तर केले असते. फोन काही वाईट नव्हता. पण तो बाजूला गेला.

दुसरा सीएमएफ फोन-१. किंमत १५,९९९ रुपयांपासून. याच्या पाठीला उघडे स्क्रू आहेत. ते काढून पाठ बदलता येते, निराळ्या रंगाची पाठ वेगळी विकत मिळते. आक्काला ही कल्पना फार आवडली. “उशीचा अभ्रा बदलल्यासारखे,” ती म्हणाली. याची पाठही प्लास्टिकचीच, पण तिने काच असल्याचा आव आणलेला नाही, म्हणून तिला तो प्रामाणिक वाटला. इथे माझा तक्ता आडवा आला. सुरक्षेच्या सुधारणा तीन वर्षे. आक्काने हिशेब केला, “चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा तुझ्यामागे लागू?”

तिसरा सॅमसंगचा गॅलेक्सी ए-१६, फाइव्ह-जी. तो ऑक्टोबरमध्येच बाजारात आला होता, जाहीर किंमत १८,९९९ रुपये. पाठ काचेसारखी लखलखीत. मी ती काचच समजलो. आक्काने नखाने दोनदा टिचकी मारली, क्षणभर तळवा टेकवला आणि म्हणाली, “हेही प्लास्टिक. गार लागत नाही.”

घरी आल्यावर मी याचा थोडा अभ्यास केला, तेव्हा तिच्या तळव्याने पदार्थविज्ञानच सांगितले होते हे कळले. काच आणि त्याहून अधिक धातू हाताची उष्णता झटकन ओढून घेतात, म्हणून गार लागतात. प्लास्टिक ती ओढत नाही. पितळेचा तांब्या आणि लाकडी पोळपाट एकाच खोलीत असूनही वेगळे लागतात, तसेच. वजनाचेही असेच आहे. एका घन सेंटिमीटर काचेचे वजन सुमारे अडीच ग्रॅम, ॲल्युमिनियमचे सुमारे पावणेतीन आणि पाठीसाठी वापरतात त्या पॉलिकार्बोनेटचे सव्वा ग्रॅमही नाही. मराठीत ‘हलका’ म्हणजे वजनाला कमी आणि ‘हलका’ म्हणजे प्रतीला कमी. ही गल्लत भाषेने आपल्या आधीच करून ठेवली आहे आणि फोन बनवणारे तिचा पुरेपूर लाभ घेतात. कडा गोल घासणे, बटण दाबल्यावर ते न डगमगणे, खोक्याचे झाकण हळूहळू सुटणे, हे सारे त्यातच आले. आतला प्रोसेसर सुधारण्यापेक्षा यावर खर्च कमी येत असावा. वीस हजारांच्या आतल्या फोनला जे ‘प्रीमियम’ म्हणतात, ते बहुतेक वेळा इथे असते. म्हणजे खळच.

तरी मी आक्काला दुकानात तसे म्हणालो तेव्हा तिने मला अडवले. “खळ वाईट नसते रे. खळ असते म्हणून कापड शिवता येते, घडी राहते. खळ आहे हे सांगायचे आणि खालचे सूत चांगले ठेवायचे. याचे सूत कसे आहे ते तू बघ. ते तुझे काम.”

सूत असे होते: सहा वर्षे सुरक्षेच्या सुधारणा आणि अँड्रॉइडच्या सहा आवृत्त्यांचे आश्वासन. या किमतीत तेव्हा हे दुर्मीळ होते. धूळ आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून आयपी-५४ दर्जाचे संरक्षण. म्हणजे हातावरचे पाणी उडाले तर चालेल, बादलीत पडला तर नाही. साठवण १२८ जीबी. खोक्यात चार्जर मात्र नाही, तो वेगळा घ्यावा लागला. विक्रेत्याने ‘नो कॉस्ट ईएमआय’ सुचवला. शून्य टक्के व्याज ही संकल्पना रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच आक्षेपार्ह ठरवली होती, कारण व्याज कुठेतरी शुल्कात किंवा नाकारलेल्या सवलतीत दडलेले असते. आम्ही रोखीची सवलत मागितली. मिळाली नाही, पण चार्जरवर काही सोडले. बिल दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर घेतले. १८,९९९ रुपयांत १८ टक्क्यांप्रमाणे २,८९८ रुपये १५ पैसे कर असतो. फोन धंद्यासाठीच असेल तर तो सोडून देण्याचे कारण नाही. हा हिशेब आक्काने माझ्याआधी कागदावर मांडला.

पैसे देण्यापूर्वी फोनवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक काढला, खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडला आणि ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरे व तो क्रमांक असा संदेश १४४२२ वर पाठवला. फोनचे नाव-गाव उत्तरात आले. दागिन्यावरचा हॉलमार्क आपण पाहतो, मग इथे आळस का करावा?

घरी बसवताना एक अडचण आली, जी माझ्या तक्त्यात नव्हती. बाजूच्या बटणावर बोटाचा ठसा द्यायचा असतो. आक्काच्या उजव्या अंगठ्याचा ठसा काही केल्या उमटेना. पन्नास वर्षे कापड चोळून त्या रेषा झिजल्या आहेत. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत येणाऱ्या वृद्धांचे असेच होत असे. २०२१ पासून चेहऱ्यावरून दाखला देण्याची सोय झाली तेव्हा कित्येकांची सुटका झाली. शेवटी आक्काच्या डाव्या अनामिकेचा ठसा लागला. आता ती फोन अंगठी दाखवावी तसा उघडते.

मग मी भाच्याशी बोललो. आक्काचा क्रमांक चालू खात्याशी आणि दुकानाच्या ॲपशी जोडला. त्याने काही खळखळ केली नाही. उलट दुसऱ्या दिवशी त्याने दीडशे रुपयांचे जाड काळे कव्हर आणून फोनला चढवले. लखलखती पाठ, गोल कडा, ज्यासाठी आम्ही दोन तास घासाघीस केली ते सर्व त्या रबरात गडप झाले. आक्का तेव्हा काही बोलली नाही.

डिसेंबरात मी सहज दुकानात गेलो होतो. लग्नाचा बस्ता चालू होता. एका गिऱ्हाइकाने हिरवी खूण असलेला पडदा पुढे केला. आक्काने तिकडे पाहिलेही नाही. स्वतःच्या फोनकडे पाहत ती शांतपणे म्हणाली, “थांबा, अजून आले नाहीत.” तो गृहस्थ जरा अवघडला. अर्ध्या मिनिटाने पैसे आले. “आले. या आता,” ती म्हणाली आणि पिशवी त्याच्या हाती दिली. नेटवर्क मंद होते, इतकेच. भाचा माळ्यावर होता, त्याला यातले काही कळले नाही.

मग तिने फोन माझ्याकडे सरकवला. “हे कव्हर काढून दे रे. मला निघत नाही.”

“पडला तर?”

“प्लास्टिक आहे. फुटत नाही.”

पुढची काच फुटू शकते, असे मी सांगणार होतो. पण तिच्यासमोर दुसरे गिऱ्हाईक येऊन उभे राहिले होते, म्हणून मी कव्हर काढले आणि मीटरपट्टीच्या खणात टाकून दिले.