ज्या गिअरमध्ये चढ, त्याच गिअरमध्ये उतार

पुणे, 8 डिसेंबर

तीर्थरूप आप्पांना सा. न.

परवा फोनवर तुम्ही एवढंच विचारलंत, "पोचलीस ना नीट?" आणि फोन आईकडे दिलात. जातानाही बोलला नव्हतात. समोर बसून सांगायला लागले तर मधेच जेवणाचा विषय निघेल आणि तुम्ही उठून अंगणात जाल, म्हणून लिहिते आहे. चष्मा लावून सावकाश वाचा.

तुमचा राग मला कळत होता. परका देश, घाटाचे रस्ते, त्यात मोटारसायकल आणि एकटी लेक. तीस वर्षं कराड-चिपळूण बस चालवलेल्या माणसाला घाट काय असतो हे मी काय सांगणार? तेव्हा पहिली गोष्ट पहिल्यांदा: व्हिएतनाममधल्या हा-झांगच्या घाटात गाडी मी चालवली नाही. मागे बसले.

इरादा चालवायचाच होता. आंतरराष्ट्रीय परमिट इथूनच काढून नेलं होतं. पण व्हिएतनाममध्ये 1968 च्या व्हिएन्ना करारातलं परमिट चालतं आणि माझ्या पुस्तिकेवर 1949 च्या जिनिव्हा कराराचं नाव छापलेलं. तिथे भेटलेल्या परदेशी पोरांनी समजूत घातली, की कोण बघतंय, दंड भरायचा आणि पुढे जायचं. त्यांतलाच एक चौथ्या दिवशी हाताला प्लॅस्टर घालून परत आला. परवाना ग्राह्य नाही म्हणून विमा कंपनीने पैसे नाकारले होते. आप्पा, कागद पुरे असल्याशिवाय तुम्ही कधी डेपोच्या फाटकाबाहेर गाडी काढली नाहीत. मला ते त्या रात्री आठवलं आणि मी चालकासकट गाडी ठरवली. चार दिवसांचे, जेवणखाण आणि मुक्काम धरून, सोळा हजार रुपये गेले. माझ्या हिशेबात ते जास्त होते. आज वाटतं, सगळ्या प्रवासात तेच पैसे सगळ्यात चांगले लागले.

आधी बसचं सांगते, तुम्हाला त्यातच रस असणार.

हनोईच्या मि-दिन स्थानकावरून रात्री बस सुटते. तीनशे किलोमीटर, सहा-सात तास, तीन लाख डोंग. आकड्याने घाबरू नका, एका रुपयाला साधारण तीनशे डोंग पडतात, म्हणजे हजारभर रुपये. आत शिरताना चपला काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायच्या आणि पिशवी आपल्या हातात. तीन रांगा, खाली-वर अशा अर्धवट आडव्या खुर्च्या, पाय पुढच्याच्या डोक्याखालच्या खोक्यात. वाटेत दर अर्ध्या तासाला गाडी थांबे. कुणी तांदळाचं पोतं चढवी, कुणी मोटारसायकलचं चाक, कुणी कोंबड्यांचा झाप. कंडक्टर खोक्यावरचा फोन नंबर बघून आधीच फोन करी आणि अंधारात एखाद्या फाट्यावर एक माणूस टॉर्च घेऊन उभा असे. तुमच्या मुक्कामी गाडीतून पेपरचे गठ्ठे आणि चाकरमान्यांचे डबे असेच जायचे ना?

त्या कंडक्टरने मला तिकिटाआधी जन्मसाल विचारलं. मी चमकलेच. नंतर उलगडा झाला. त्यांच्या भाषेत सगळ्यांना चालेल असं एकच 'तुम्ही' रोजच्या बोलण्यात वापरत नाहीत. समोरचा आपल्याहून मोठा की धाकटा हे ठरल्याशिवाय वाक्य नीट सुरू होत नाही. मोठा भाऊ 'आन', मोठी बहीण 'ची', धाकटं भावंड 'एम'. वडिलांपेक्षा लहान असेल तो 'चू', थोरला असेल तो 'बाक'. हो ची मिन्ह यांना सगळा देश 'बाक हो' म्हणतो, म्हणजे हो थोरले काका. मी त्या पोरापेक्षा अकरा वर्षांनी मोठी निघाले, तर पहाटे हा-झांगला उतरेपर्यंत त्याने मला 'ची' म्हणून हाक मारली आणि माझी सॅक स्वतः खाली काढून दिली. आपल्याकडे अनोळखी बाईला मावशी, ताई म्हणतात तसंच हे. पण आपण ते हल्ली शहरात सोडत चाललो आहोत, आणि तिथे ते सोडलं तर बोलताच येत नाही. परदेशात एकटी आहे ही भीती माझ्या मनातून गेली ती त्या बसमध्ये.

माझा चालक चव्वेचाळीस वर्षांचा, तिथल्याच ताय जमातीचा. मी त्याला 'आन' म्हणायचे, तो मला 'एम'. तोही थोडंच बोलणारा. फोनमध्ये बोलायचं, फोन भाषांतर करून दाखवणार, असा आमचा संवाद. गाडी एकशेदहा सीसीची साधी होंडा. चार गिअर, पण हाताला क्लच नाही. पायाने दाबत जायचं. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, त्यामुळे पहिला दिवसभर प्रत्येक वळणावर माझं अंग चुकीच्या बाजूला कलत होतं आणि तो हात मागे करून माझा गुडघा हळूच सरळ करत होता.

क्वान बाची खिंड ओलांडून पलीकडे उतरताना बघते तर त्याने उतार लागण्याआधीच गाडी दुसऱ्या गिअरवर आणली आणि ब्रेकवरून पाय काढून घेतला. इंजिनवर गाडी धरून तो सगळा घाट उतरला. खालच्या वळणावर एक परदेशी जोडपं बिनगिअरची स्कूटर उभी करून थांबलं होतं. चाकातून जळका वास येत होता. सतत दाबून ठेवलेला ब्रेक तापला होता, लायनरने पकड सोडली होती. आनने त्यांना हाताने खूण करून अर्धा तास बसवून ठेवलं, स्वतःची पाण्याची बाटली दिली, चाक थंड झाल्यावर मगच जायला सांगितलं. मी फोनमध्ये तुमचं वाक्य बोलले: ज्या गिअरमध्ये चढ, त्याच गिअरमध्ये उतार. फोनने काय भाषांतर केलं देव जाणे. त्याने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, हे कोणी सांगितलं? मी म्हटलं, माझे वडील बसचे ड्रायव्हर होते. त्यानंतर तो प्रत्येक मुक्कामाच्या घरी माझी ओळख तशीच करून देत होता. ड्रायव्हरची मुलगी.

लहानपणी सुट्टीत तुमच्या केबिनमध्ये बॉनेटवर गोधडी घालून मला बसवायचात. खालून इंजिनाची ऊब लागायची आणि समोर तुमचे हात दिसायचे. आनच्या मागे बसून मी तेच बघत होते.

आता त्या रस्त्याबद्दल. हा-झांगपासून दोंग वान आणि मेओ वाकपर्यंतचा हा रस्ता सुमारे 185 किलोमीटरचा. नाव 'हान् फुक', म्हणजे सुख. 1959 च्या सप्टेंबरमध्ये काम सुरू झालं आणि 1965 च्या मार्चमध्ये संपलं. उत्तरेच्या आठ प्रांतांतून हजाराहून जास्त तरुण पोरं-पोरी स्वयंसेवक म्हणून आली, शिवाय स्थानिक मजूर. यंत्रं नव्हतीच म्हटलं तरी चालेल. पहारी, घण, छिन्न्या, टोपल्या. त्याआधी या डोंगरातल्या माणसांना मीठसुद्धा पाठीवरून किंवा घोड्यावरून आणावं लागे.

यातला मा पी लेंग हा वीसेक किलोमीटरचा घाट सर्वांत अवघड. वर उभा कडा, खाली खोल दरीत न्यो क्वे नदी, हिरवी, सुतासारखी बारीक. त्या कड्यात रस्ता कोरायला पोरं कमरेला दोर बांधून लोंबकळत होती, अकरा महिने. आधी पाय टेकण्यापुरती खाच, मग माणूस उभा राहील एवढी कपार, मग घोडा जाईल एवढी वाट. सगळ्या कामात चौदा जण गेले. आज त्याच वाटेवरून बस जाते, आप्पा. समोरून दुसरी आली तर एक मागे सरकते.

घाटाच्या माथ्यावर आनने गाडी थांबवली, हेल्मेट काढलं आणि दरीकडे तोंड करून काही न बोलता उभा राहिला. मग खिशातून सिगारेट काढून पेटवली आणि न ओढता कठड्याच्या दगडावर ठेवून दिली. त्याचे आजोबा या कामावर होते. परत आले, पण त्यांच्या टोळीतले सगळे नाही आले. मला बोरघाटातला शिंग्रोबा आठवला. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, ज्याला नंतर मारलं असं सांगतात. आपले ट्रकवाले अजून तिथे नाणं टाकतात. आपण मुंबईला मामाकडे निघालो की तुम्ही पुढच्या सीटवरून हात जोडायचात, आणि मी विचारायचे, हा कसला देव? तुम्ही म्हणायचात, रस्त्याचा. मी त्या कठड्यावर एक रुपया ठेवला. आनने तो उचलून बघितला, पुन्हा तिथेच ठेवला.

शेती तुम्हाला दाखवायला हवी होती. दोंग वानचं पठार म्हणजे नुसता चुनखडीचा खडक. 2010 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक भूउद्यान म्हटलं. भूगर्भवाल्यांना ते सुंदर, पण पाऊस पडला की पाणी दगडाच्या भेगांतून पाताळात जातं आणि बायका घागरी घेऊन लांब चालतात. खडकात जिथे वीतभर खळगा असेल तिथे ह्मोंग लोक टोपलीने माती आणून भरतात आणि त्यात मका टोचतात. एका खळग्यात दोन ताटं, तीन ताटं. दुरून डोंगराला केस उगवल्यासारखे दिसतात. त्या मक्याच्या कण्या दोनदा वाफवून 'मेन मेन' करतात. आपल्या पाटणच्या डोंगरातल्या वरी-नाचणीचे हाल ज्याने बघितलेत त्याला तो घास गिळताना मान खाली घालावी लागते.

तुम्ही माळकरी, तेव्हा तुमचा पहिला प्रश्न खाण्याचा. 'आन चाय' एवढे दोन शब्द पुरतात, म्हणजे शाकाहार. तिथले पुष्कळ लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला मांस खात नाहीत, त्यामुळे त्याचा अर्थ कुणाला समजावावा लागत नाही. भात, टोफू, परतलेली पालेभाजी, शेंगदाण्याचं कूट. माशाचा रस तेवढा घालू नका म्हणून सांगायचं. रोज रात्री मुक्कामाच्या घरी मक्याची दारू निघे. आन पेला हाताने झाकून घेई. 1 जानेवारी 2020 पासून तिथे गाडी चालवणाऱ्याच्या अंगात दारूचा थेंबही चालत नाही. पण तो मला म्हणाला, कायद्याच्या आधीपासून मी घाटात पीत नाही.

पुढचं थोडक्यात. खाली ह्वेपर्यंत रात्रीच्या बसने गेले. ह्वे आणि दा नांग यांच्यामध्ये हाय वान घाट आहे, एकवीस किलोमीटर, एका बाजूला समुद्र. 2005 मध्ये खालून सहा किलोमीटरहून लांब बोगदा झाला आणि गाड्या तिकडून जायला लागल्या. बोगद्यात दुचाकीला मनाई, पेट्रोलच्या टँकरलाही. म्हणून जुना घाट दुचाक्यांना मोकळा राहिला. तोही मी मागे बसूनच केला, सुरेख आहे. मग मि सोनची चाम राजांची देवळं पाहिली. विटांची, शंकराची, दगडांवर संस्कृत लेख. 1969 मध्ये अमेरिकन बॉम्बने त्यांतलं सगळ्यात मोठं पडलं. आपलं पुरातत्त्व खातं तिथे डागडुजीला होतं आणि 2020 मध्ये त्यांना मातीत एकसंध वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. तुमच्या वतीने हात जोडले.

तुमच्या डेपोतल्या मंडळींच्या ग्रुपवर जो निरोप फिरतो, की शिवाजी महाराजांचं चरित्र वाचून व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं, त्याचीही चौकशी केली. कुणालाही ती गोष्ट माहीत नव्हती आणि मला त्याचा एकही पुरावा मिळाला नाही. कृपया तो पुढे पाठवू नका. महाराजांना असल्या दाखल्याची गरज नाही.

विमान सोडून एकोणीस दिवसांत एक्केचाळीस हजार लागले. पैसे वाचवायला बसने गेले हे खरं, पण पुढच्या वेळी जास्त असले तरी बसनेच जाईन. टॅक्सीत माझं वय कुणी विचारलं नसतं.

आता मुख्य गोष्ट. तीस वर्षं तुम्ही लोकांना न्यायला घाट चढलात आणि तुमची नजर रस्त्यावरून हलली नाही. कोयनेचं पाणी भरल्यावर कसं दिसतं हे तुम्ही कधी खिडकीतून बघितलं नाहीत, आईने बघितलं. निघताना आनने विचारलं, वडील कधी येणार? मी म्हटलं, पुढच्या नोव्हेंबरात. तेव्हा डोंगरात कुट्टूची गुलाबी फुलं असतात. मोटारसायकल नको, हा-झांगहून मेओ वाकला बस आहे. पुढे बसा, ड्रायव्हरच्या मागे. तुम्हाला सगळे 'बाक' म्हणतील. व्हिसा घरबसल्या निघतो, पंचवीस डॉलरला. अडलंय ते फक्त पासपोर्टपाशी.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने येते. आधार कार्ड आणि शाळा सोडल्याचा दाखला ट्रंकेतून काढून ठेवा.

तुमची लेक